मिगिंगो: रेघ ठरली, मासळी ठरली नाही

पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात मिगिंगो नावाचा एक खडक पाण्यातून वर आलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा एकर. त्यावर पत्र्याच्या खोल्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की वरून काढलेल्या फोटोत दगड शोधावा लागतो, नुसते गंजलेले पत्रे दिसतात. केनियाच्या २००९ च्या जनगणनेत इथे १३१ माणसे मोजली गेली. शेती नाही, झाड नाही, गोड पाण्याची विहीर नाही. आहे ती मासळी, आणि मासळीमुळे आलेले सगळे: बर्फाच्या पेट्या, इंजिनाचे तेल, खाणावळी, उधारीच्या वह्या, आणि दोन देशांचे पोलीस.

या अर्ध्या एकरावरून २००९ साली केनिया आणि युगांडा यांच्यातला तणाव इतका वाढला की केनियातल्या काही खासदारांनी सैन्य पाठवा अशी मागणी केली. त्यानंतर बैठका झाल्या, मोजणी झाली, निवेदने निघाली, तरी प्रकरण मिटले नाही. बातम्यांमध्ये हा वाद नेहमी ‘बेट कोणाचे?’ या एका प्रश्नात बसवला जातो. कागद नीट वाचले तर त्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षे लिहून ठेवलेले आहे असे दिसते. न सुटलेला प्रश्न बेटाच्या पश्चिमेला पाचशे मीटरवर सुरू होणाऱ्या पाण्याचा आहे. त्या पाण्यात कोणी जाळे टाकायचे, मासळी कोणत्या धक्क्यावर उतरवायची आणि पैसा कोणत्या देशाच्या खात्यात मोजायचा, हे कोणीच ठरवलेले नाही.

सरोवर, आणि बाहेरून आणलेला मासा

व्हिक्टोरिया सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचे आहे. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग टांझानियाकडे, ४० टक्क्यांहून अधिक युगांडाकडे, आणि केनियाकडे फक्त ६ टक्के. हा आकडा ध्यानात ठेवला की पुढचे बरेच काही उलगडते. केनियाच्या वाट्यात वीनामचे आखात येते. ते उथळ आहे, गाळाने भरत चालले आहे, आणि १९९० च्या दशकापासून जलपर्णी तिथे पुन्हा पुन्हा पसरते. जलपर्णीचा तवंग धक्क्याला येऊन लागला की होडी बाहेर काढता येत नाही. म्हणजे सर्वांत लहान वाटा, आणि त्यातलाही मोठा तुकडा अडचणीचा.

आजचा सगळा पैसा मुख्यतः नाइल पर्च या माशाभोवती फिरतो. हा मासा मूळचा इथला नाही. वसाहतकाळात, १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला, तो सरोवरात सोडला गेला. दोन मीटरच्या जवळ जाणारा, शंभर-दोनशे किलोपर्यंत वाढू शकणारा हा भक्षक. १९८० च्या सुमारास त्याची संख्या एकदम फुगली आणि फक्त याच सरोवरात आढळणाऱ्या छोट्या माशांच्या शेकडो जाती त्याने खाऊन संपवल्या किंवा संपवत आणल्या. निसर्गाच्या इतिहासातल्या मोठ्या हानींपैकी ही एक आहे. हे लिहिताना मला अजूनही वाईट वाटते, कारण त्या जाती परत येणार नाहीत.

पण काठावरच्या माणसांसाठी त्याच माशाने रोजगार आणला. तिन्ही देशांत मासळीचे कारखाने उभे राहिले. पर्चच्या मांसाच्या पट्ट्या बर्फात घालून युरोपला जाऊ लागल्या आणि पुढे त्याच्या पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, चीनच्या बाजारात मांसापेक्षाही चढा भाव मिळू लागला. युगांडाची मासळीची निर्यात २००५ च्या सुमारास शिखरावर होती, १४ कोटी डॉलरच्या घरात. परकीय चलन आणून देण्यात ती कॉफीच्या खालोखाल होती. चहूबाजूंनी जमीन असलेल्या, समुद्र नसलेल्या देशासाठी हा आकडा किरकोळ नव्हता. त्यानंतर मोठा मासा कमी होऊ लागला, निर्यात घसरली, कारखाने अर्ध्या क्षमतेवर आले, काहींना टाळे लागले.

मिगिंगोचा वाद पेटला तो नेमका याच उतरणीवर. मासळी भरपूर होती तेव्हा रेषेपलीकडून कोणी चार पेट्या नेल्या तरी कोणाचे फारसे बिघडत नव्हते. माल आटू लागला आणि प्रत्येक पेटीचा हिशेब सुरू झाला.

१९२६ चा कागद

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरोवराचा आजचा केनियाकडचा काठ युगांडाच्या ताब्यातल्या प्रांतात मोडत होता. १९०२ मध्ये ब्रिटिशांनी तो पूर्व प्रांत काढून शेजारच्या, पुढे केनिया झालेल्या प्रदेशाला जोडला. दोन्हीकडे राज्य त्यांचेच. त्यामुळे मधली रेघ ही दोन देशांची सीमा नव्हती, एकाच मालकाच्या दोन कचेऱ्यांमधली वाटणी होती. १९२६ च्या आदेशात ती शब्दांत लिहिली गेली. १ अंश दक्षिण अक्षांशावर, पिरॅमिड बेटाच्या पश्चिम टोकाच्या बरोबर दक्षिणेला असलेल्या बिंदूपासून सुरुवात. तिथून सरळ उत्तरेला पिरॅमिड बेटाच्या पश्चिम टोकापर्यंत. पुढे इलेंबा, किरिंगिती, मागेटा अशा बेटांच्या पश्चिम टोकांना स्पर्श करत रेघ वर जाते.

या वर्णनात मिगिंगोचे नाव नाही. युगांडाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्यावर बोट ठेवले. पण नाव नसल्याने फरक पडत नाही, कारण रेघ टोकाला टोक जोडून ओढलेली आहे. पिरॅमिड आणि इलेंबा यांच्या पश्चिम टोकांमध्ये दोरी ताणली की मिगिंगो दोरीच्या पूर्वेला, केनियाच्या बाजूला पडते. युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेच्या परिशिष्टात सीमेचे जे वर्णन आहे, त्यातही हीच बेटे आहेत. वसाहतकाळातल्या सीमा जशा मिळाल्या तशा मानायच्या, हे तत्त्व आफ्रिकी देशांनी १९६४ मध्ये कैरोला एकत्र बसून स्वीकारलेले आहे. कायद्याच्या अंगाने पाहिले तर केनियाची बाजू इतकी भक्कम आहे की वाद इथेच संपायला हवा होता.

आणखी एक मुद्दा इथेच सांगायला हवा, कारण त्यावर फार गोंधळ होतो. समुद्रात बेट मिळाले की बेटाभोवतीचे पाणीही मिळते, असे सागरी कायद्यामुळे आपल्या डोक्यात बसलेले असते. दोन-तीन देशांत वाटलेल्या सरोवराला तो नियम लागू होत नाही. इथे रेघ असेल तिथे पाणी संपते. म्हणून मिगिंगो केनियाचे ठरल्याने केनियाला पश्चिमेकडे जास्तीचे एक वावही पाणी मिळत नाही.

तंबू, झेंडा, परवाना

१९९० च्या दशकापासून केनियाचे मासेमार, मुख्यतः लुओ समाजाचे, या खडकावर मुक्काम करू लागले. कारण सोपे होते. केनियाचा काठ जवळ, आणि बेटापासून खोल पाणी सुरू होते, जिथे पर्च मिळतो. संध्याकाळी काठावरून निघून रात्रीचे इंधन जाळण्यापेक्षा खडकावर राहावे, पहाटे जाळी ओढावीत आणि व्यापाऱ्याच्या होडीवर मासळी चढवावी. हळूहळू युगांडा आणि टांझानियाचेही मासेमार आले.

२००४ मध्ये युगांडाचे पोलीस आले. त्यांनी तंबू ठोकला, आपला झेंडा लावला आणि वसुली सुरू केली. चाच्यांपासून संरक्षण हे कारण सांगितले गेले, आणि ते अगदीच खोटे नव्हते. सरोवरात होडीची इंजिने लुटण्याचे प्रकार होत होते. पण संरक्षणाबरोबर कर आला, करापाठोपाठ अटका आल्या. २००९ च्या सुरुवातीला बेटावरच्या केनियाच्या लोकांनी युगांडाचे खास परवाने घ्यावेत असे फर्मान निघाले आणि प्रकरण नैरोबीपर्यंत पोचले. आपल्याच देशातल्या खडकावर राहायला परक्या देशाचा परवाना, ही गोष्ट केनियातल्या सामान्य माणसाला पचणे शक्य नव्हते.

मार्चमध्ये दोन्ही देशांच्या मंत्र्यांची कंपालाला बैठक झाली: संयुक्त मोजणी करायची, तोवर मासेमारांना त्रास द्यायचा नाही. एप्रिलमध्ये नैरोबीतल्या किबेरा वस्तीत संतापलेल्या तरुणांनी युगांडाकडे जाणारे रेल्वेचे रूळ उखडले. या घटनेकडे थोडे थांबून बघायला हवे. युगांडाचा आयात-निर्यातीचा मोठा भाग केनियाच्या मोंबासा बंदरातून जातो. उलट, केनियात बनलेल्या मालाचे युगांडा हे त्या काळातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. अर्ध्या एकराच्या खडकावरून दोन्ही अर्थव्यवस्थांची एकच नस दाबली गेली, आणि ती दाबणारे हात सरकारचे नव्हते. दोन्ही राजधान्यांना घाम फुटला तो इथे. पुढे दोघांनीही सैन्याची भाषा गिळली, त्यामागे शहाणपणाइतकाच मोंबासा मार्गाचा हिशेब होता असे मला वाटते.

मे महिन्यात युगांडाचे अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी बेट केनियाचे असल्याचे मान्य केले, पण त्याच दमात सांगितले की बेटापलीकडचे पाणी युगांडाचे आहे आणि केनियाचे मासेमार तिथे बेकायदा मासे पकडतात. लुओ समाजाबद्दल त्यांनी वापरलेले शब्द केनियात जिव्हारी लागले आणि बातम्यांत तेच गाजले. मूळ विधान मात्र बाजूला पडले. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे विधान तेच होते. जूनमध्ये मोजणी सुरू झाली, रेंगाळली, आणि जुलैअखेर जी रेघ समोर आली ती बेटाच्या पश्चिमेला सुमारे पाचशे मीटरवरून जात होती. मुसेवेनी जे बोलले होते, तेच मोजणीने सांगितले: खडक केनियाचा, त्यापलीकडचे पाणी युगांडाचे.

पाचशे मीटर म्हणजे किती

साध्या बाहेरच्या इंजिनावर चालणारी लाकडी होडी हे अंतर दोन-तीन मिनिटांत कापते. पण खरी अडचण होडीची नाही, जाळ्याची आहे. पर्चसाठी रात्री तरंगती जाळी सोडतात. एकाला एक जोडून लांबच लांब माळ करतात, टोकाला दिवा किंवा डबा बांधतात आणि होडी तिच्याबरोबर वाहू देतात. संध्याकाळी केनियाच्या पाण्यात सोडलेली माळ वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या जोराने तासा-दोन तासांत रेघ ओलांडू शकते. पहाटे ती ओढली जाते तेव्हा मासळी युगांडाच्या पाण्यात लागली की केनियाच्या, हे जाळ्याच्या मालकालाही सांगता येणार नाही. पाण्यात खुणेचे तरंगते पिंप नाही, खांब नाही. गस्तीच्या बोटीवरच्या शिपायाकडे उपग्रहावरून जागा दाखवणारे यंत्र असते, मासेमाराकडे बहुधा नसते. म्हणजे गुन्हा घडला की नाही, हे ठरवण्याचे साधन फक्त पकडणाऱ्याकडे.

पकडले गेल्यावर जे होते ते आणखी वाईट. इंजिन जप्त, जाळी जप्त, मासळी जप्त. होडी बहुतेकदा मासेमाराची नसतेच. मालक काठावर, इंजिन व्यापाऱ्याच्या उचलीवर. एका जप्तीत माणूस वर्षानुवर्षांच्या कर्जात जातो. तुरुंगापेक्षा इंजिन सोडवून घेणे महत्त्वाचे, म्हणून जागच्या जागी पैसे देऊन सुटायची वाट रूढ होते. अशी वाट एकदा पडली की वाद मिटू नये यात काही लोकांचा रोजचा फायदा तयार होतो. या अंगाबद्दल दोन्ही सरकारांच्या निवेदनांत काही नसते.

काठावर थांबलेल्या बायकांचा हिशेब तर कुठेच येत नाही. केनियाच्या बाजूला मासळी विकत घेऊन वाळवणाऱ्या, तळणाऱ्या, बाजारात नेणाऱ्या बहुतेक बायका. मासळी कमी आली की ती कोणाला द्यायची हे मासेमार ठरवतो, आणि त्याच्या मोबदल्यात शरीरसंबंध मागितला जातो. ‘जाबोया’ या नावाने ही प्रथा तिथे सर्वांना ठाऊक आहे, आणि सरोवराकाठी एचआयव्हीचे प्रमाण जास्त असण्यामागच्या कारणांत ती गणली जाते. खडकावर एक आठवडा होड्या अडवल्या की त्याची किंमत अशा ठिकाणी वसूल होते.

युगांडाची बाजू पोकळ नाही

केनियातले बरेचसे लेखन युगांडाला सरळ दांडगट ठरवून मोकळे होते. ते मला पटत नाही.

कोणाची निर्यात किती, हे मासळी कुठे पोहली यावर मोजले जात नाही. ती कुठे उतरली आणि कोणत्या कारखान्यात गेली यावर मोजले जाते. युगांडाच्या पाण्यात पकडलेला पर्च मिगिंगोवरून केनियाच्या काठाला गेला की तो केनियाचा माल झाला. ६ टक्के पाणी असलेल्या देशाच्या कारखान्यांना शेजाऱ्याच्या पाण्यातली मासळी लागतेच. तेव्हा युगांडाला वाटणारी भीती कल्पनेतली नाही: साठा आपण राखायचा, आणि पैसा दुसऱ्याने न्यायचा.

२०१७ मध्ये युगांडाने बेकायदा मासेमारी रोखायला सैन्याची तुकडी सरोवरात उतरवली. बारीक छिद्रांची जाळी जाळली, लहान होड्या मोडल्या. अनेक गावांत मारहाणीच्या तक्रारी झाल्या, आणि त्या गंभीर होत्या. तरी पुढच्या काळात मोठा पर्च पुन्हा दिसू लागला आणि निर्यात सावरली, हेही खरे आहे. ज्या देशाने आपल्याच मासेमारांवर इतकी सक्ती केली, तो रेषेपलीकडून येणाऱ्या जाळ्यांकडे कानाडोळा करणार नाही. केनियाने २०१८ मध्ये आपले तटरक्षक दल उभे केले. त्यामुळे केनियाच्या मासेमारांना पाठीशी कोणीतरी आहे असे वाटले असेल, पण पाण्यावर बंदुका मात्र वाढल्या.

संस्था आहेत, अधिकार नाही

तिन्ही देशांनी १९९४ मध्ये किसुमूला करार करून व्हिक्टोरिया सरोवर मत्स्य संघटना स्थापन केली; तिचे कार्यालय युगांडात जिंजाला आहे. पर्च ५० सेंटीमीटरपेक्षा लहान आणि ८५ पेक्षा मोठा पकडायचा नाही, हा नियम तिन्ही देशांत याच सहकार्यातून आला. लहान मासा एकदा तरी अंडी घालू शकावा आणि सर्वांत मोठ्या माद्या टिकाव्यात, हा त्यामागचा विचार. २००० पासून संघटना दर काही वर्षांनी सरोवरातल्या होड्या, इंजिने, जाळी यांची मोजदाद करते. काम चांगले आहे. पण ती शिफारस करते. पकडणे, सोडणे, परवाना देणे हे प्रत्येक देशाच्या हातात. पूर्व आफ्रिकी समुदायाची सामायिक बाजारपेठ २०१० पासून लागू आहे. केनियाचा सुतार युगांडात काम शोधू शकतो, युगांडाचे दूध केनियात विकले जाते, पण एका देशाचा मासेमारीचा परवाना पाचशे मीटरपलीकडे चालत नाही.

इथे मला युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवराचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यात त्या सरोवराच्या मुख्य भागात सीमा कुठून जाते यावर आजही एकमत नाही. तरी तिथे मासळीवरून पोलीस समोरासमोर उभे राहत नाहीत, कारण १८९३ च्या ब्रेगेंझ करारात काठाच्या देशांनी मासेमारीचे नियम एकत्र ठरवले. काठालगतचे पाणी ज्याचे त्याचे. २५ मीटरपेक्षा खोल पाणी परवानाधारक मासेमारांना सामायिक. जाळी, हंगाम, माशाची लांबी सगळ्यांना एकच. तिथे रेघ नाही आणि भांडण नाही. मिगिंगोला १९२६ पासून रेघ आहे आणि भांडणही आहे. कॉन्स्टन्सभोवतीचे देश श्रीमंत आहेत, मासेमार थोडे आहेत, हा फरक मी नाकारत नाही. पण करार झाला तेव्हा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, तिथल्या कोळ्यांचे पोटही जाळ्यावरच होते.

काय करता येईल

संपूर्ण सरोवर सामायिक करा, असे म्हणणे सोपे आहे आणि ते होणार नाही. एक पट्टा होऊ शकतो. पिरॅमिड ते इलेंबा या रेषेच्या दोन्ही बाजूंना काही किलोमीटरचे पाणी, त्यात केनिया आणि युगांडा यांच्या नोंदलेल्या होड्यांना एकच संयुक्त परवाना. होड्यांची मोजदाद आधीच होते, तिच्यावरून क्रमांक देता येतील. गस्तीच्या बोटीवर दोन्ही देशांचा एक-एक माणूस, आणि दंडाची पावती एकाच छापील वहीतून. जागच्या जागी पैसे घेण्याचा व्यवहार बंद करायचा तर एवढे हवेच.

खरा अडसर मासळी उतरवण्याच्या हिशेबाचा आहे. या पट्ट्यातली मासळी केनियाच्या धक्क्यावर उतरली, तरी तिच्यावरच्या शुल्काचा ठरलेला वाटा युगांडाला गेला पाहिजे, आणि उलटही. हे झाले नाही तर युगांडाने परवानगी का द्यावी? केनियाच्या कारखान्यांना हा वाटा जड वाटेल. पण आज त्यांच्यापर्यंत येणाऱ्या मालात जप्त्यांचा, लाचेचा आणि होड्या अडकून सडलेल्या मासळीचा खर्च आधीच मिसळलेला आहे. तो फक्त कुठल्या पावतीवर दिसत नाही. युगांडाला बेटावरचे आपले पोलीस काढावे लागतील, आणि केनियाला रेषेपलीकडचे पाणी आपले नाही हे आपल्या मासेमारांना मोकळेपणाने सांगावे लागेल. दुसरी गोष्ट नैरोबीतल्या कोणत्याही नेत्याला मते मिळवून देणारी नाही, म्हणून ती पहिलीपेक्षा अवघड आहे.

टांझानियालाही या बोलण्यात पहिल्या दिवसापासून बसवायला हवे. पिरॅमिड बेटाच्या दक्षिणेला, १ अंश अक्षांशावर, तिन्ही देशांचे पाणी एका बिंदूत मिळते. मिगिंगोच्या होड्या वारा अनुकूल असला की तिकडेही जातात, आणि दोघांनी आपापसात केलेला नियम त्या बिंदूच्या खाली एका जाळ्यालाही लागू होणार नाही.